आधी कंट्रोल दाखव

प्रिय,

तुझा आलेख पाहिला. ट्रोपोनिन आय, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, सोडलं की तुझ्या सेन्सरच्या नॅनोवायरमधला, म्हणजे सिलिकॉनच्या अतिबारीक तारेतला, करंट खाली येतो. नुसतं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) सोडलं तरी खालीच येतो. आणि तू विचारतेस काय, तर तार आणखी बारीक करू का, की सिलिकॉन सोडून ग्राफीन घेऊ! दोन्ही नको. आधी कंट्रोल दाखव.

कंट्रोल म्हणजे त्याच चिपवरची, त्याच चॅनेलमधली, त्याच वेळी मोजलेली दुसरी तार. तिच्यावर ट्रोपोनिन पकडणाऱ्या अँटीबॉडीऐवजी ट्रोपोनिनशी संबंध नसलेली अँटीबॉडी (आयजीजी) बसवायची, ब्लॉकिंग (उरलेली जागा झाकणं) तेच. दुसऱ्या दिवशी वेगळ्या चिपवर मोजलेली तार मी धरत नाही.

आता तुझ्याच आकड्यांकडे बघ. पीएच ७.४ ला ट्रोपोनिन आय धनभारित असतं, म्हणून पी-प्रकारच्या (धनभारित वाहकांच्या) तारेत करंट घटला हे बरोबर. पण बीएसए ऋणभारित. त्याने करंट वाढायला हवा होता. तोही घटला, म्हणजे तू प्रथिनाचा भार मोजतच नाहीयेस.

माझा पहिला संशय रेफरन्स इलेक्ट्रोडवर, म्हणजे द्रावणाचं विभव (व्होल्टेज) ठरवून तारेतला करंट नियंत्रित करणाऱ्या गेटवर. चिपवरचा प्लॅटिनम पॅड गेट म्हणून वापरलास ना? प्रथिन प्लॅटिनमवर चिकटलं की त्याचंच विभव सरकतं आणि तार इमानदारीने ते सरकणं नोंदवते. कार्बन नॅनोट्यूबच्या सेन्सरवर हे २००७ मध्येच दाखवून झालंय. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा, स्वतःचं द्रावण असलेला इलेक्ट्रोड लाव.

दुसरा संशय स्टॉकवर. विकतच्या प्रथिनाच्या कुपीत मीठ, कधी ग्लिसरॉल, कधी युरिया असतो. डिसॉल्टिंग कॉलममधून काढ आणि कोऱ्या नमुन्यासाठी कॉलममधून काढलेला तोच बफर प्रथिनाशिवाय घे. पीएच ०.०५ ने जरी हलला तरी तारेवरच्या ऑक्साइडवर दीड ते तीन मिलिव्होल्ट सरकतात. तुझा सगळा सिग्नल तेवढाच आहे.

पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) पूर्ण तीव्रतेचं असेल तर डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरापलीकडचा भार द्रावणातले आयन झाकून टाकतात ते अंतर, जेमतेम ०.७ नॅनोमीटर. अँटीबॉडीच दहा-पंधरा नॅनोमीटर उंच, तिच्या टोकाचा भार तारेला दिसणार कसा? म्हणून बंधन पूर्ण तीव्रतेत होऊ दे, धू, आणि मोजणी शंभरपट पातळ केलेल्या पीबीएसमध्ये कर. तिथे ही लांबी सात नॅनोमीटरच्या आसपास जाते. बेसलाइन आणि नंतरची मोजणी एकाच बाटलीतल्या बफरमध्ये. पातळ बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, तेव्हा रोज ताजा कर. अँटीबॉडीऐवजी फॅब तुकडा (अँटीबॉडीचा फक्त पकडणारा भाग) किंवा ॲप्टॅमर (पकडणारा छोटा डीएनए-आरएनए धागा) घेतलास तर सोपं जाईल, पण त्यालाही कंट्रोल लागतोच.

अँटीबॉडी तारेवर चिकटवायला लागणाऱ्या एपीटीईएसबद्दल एवढंच. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ते बाटलीतच साखळ्या करायला लागतं. थर इलिप्सोमीटरवर (जाडी मोजायच्या यंत्रावर) एक नॅनोमीटरच्या आत हवा. तीन-चार आला तर डिबाय लांबीतली निम्मी जागा गोंदानेच खाल्ली.

आणि तू म्हणतेस फेम्टोमोलर (पिकोमोलरचा हजारावा भाग) इतकं कमी ट्रोपोनिन मोजायचं, तेही पाच मिनिटांत? स्थिर द्रावणात इतक्या लहान तारेपर्यंत पोचायला रेणूंनाच वेळ लागतो. हे गणित २००५ पासून छापील आहे. शिवाय २४ पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर म्हणजे ट्रोपोनिन आयचं साधारण १ पिकोमोलर, आणि हृदयविकाराच्या निदानाची सीमा त्याच टापूत येते. फेम्टोमोलर हवंय कुणाला?

मला हेकट म्हणतात. बैठकीत कंट्रोलशिवाय आलेख लावू देत नाही, म्हणून. म्हणोत. खोट्या सिग्नलपायी प्रबंधाची दोन वर्षं वाया गेली की ती कुणी परत देत नाही, आणि तेव्हा हेच लोक ‘आधी का नाही सांगितलंत’ म्हणून विचारतात. २००५ मध्येच हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने पीएसए (प्रोस्टेट कर्करोगाचं सूचक प्रथिन) मोजताना पी आणि एन (उलट भाराच्या वाहकांच्या) तारा एकाच चिपवर ठेवल्या होत्या. करंट उलट दिशांना गेला तर भाराचा परिणाम, एकाच दिशेला गेला तर गळती किंवा प्रकाश. पण पीएच बदलला तरीही दिशा उलटच जातात, त्यामुळे आयजीजीची तार यातूनही सुटत नाही.

पुढच्या मेलमध्ये एकाच आलेखावर तीन रेषा हव्यात: अँटीबॉडीची तार, आयजीजीची तार आणि गेट लीकेज (गेटमधून गळणारा करंट). प्रत्येक तारेचा करंट-बदल तिच्या ट्रान्सकंडक्टन्सने (गेटच्या दर व्होल्टमागे बदलणाऱ्या करंटने) भागून मिलिव्होल्टमध्ये दे, नाहीतर तारांची तुलनाच होत नाही. लीकेज १ नॅनोॲम्पियरच्या वर गेलं असेल तर इन्सुलेशन फुटलंय. मग बाकीच्या रेषा पाठवायचे कष्ट घेऊ नकोस, नवी चिप चढव.