लेकीला दिल्लीची नोकरी आली आहे, पाठवू का?

प्रश्न : माझी मुलगी सार्वजनिक धोरण हा विषय घेऊन एम.ए. झाली. एका मोठ्या कंपनीने तिला दिल्लीत ‘गव्हर्नमेंट अफेअर्स’ विभागात बोलावलंय. घरचे म्हणतात, ही सरकारदरबारची दलाली. तिथे नक्की काय काम असतं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, याच कामात मी दिल्लीत बावीस वर्षं काढली, तेव्हा तुमची धास्ती मला कळते. १९९१ च्या आधी, परवान्यांच्या काळात, कंपन्या दिल्लीत ‘लायझन’चा माणूस ठेवत. फाईल कुठल्या टेबलावर अडली ते शोधायचं आणि ती पुढे सरकवून घ्यायची, हे त्याचं काम. दलालीचा शिक्का तेव्हाचा आहे. काम आता बरंच बदललंय : सरकारचे नियम आणि कर यांवर नजर ठेवायची आणि कंपनीची बाजू सरकारपुढे मांडायची. जुनी खोड मात्र सगळीकडची गेलेली नाही.

आमच्या विभागात आम्ही सहा जण होतो. एक जण कर आणि सीमाशुल्क बघायचा, एक जण बीआयएस या सरकारी संस्थेची, म्हणजे मालाच्या दर्जाची मानकं. अधिवेशन सुरू झालं की एक मुलगी संसदेतले प्रश्न आणि समित्यांचे अहवाल वाचत बसायची. दोघं राज्यांच्या राजधान्यांत फिरत. जीएसटी परिषदेत राज्यांच्या मतांना दोन तृतीयांश वजन आहे, नुसती दिल्ली धरून भागत नाही. सहावी मी, थेट एमडींना जबाबदार. विषय सगळ्या उद्योगाचा असला की आम्ही सीआयआय, फिक्की या उद्योजकांच्या संघटनांमार्फत जायचो. एकट्या कंपनीचं गाऱ्हाणं असलं तरच स्वतः.

खरं काम असतं सरकारला द्यायच्या टिपणाचं. आयात शुल्काच्या यादीतल्या एका नोंदीत बदल हवा म्हणून मी अकरा पानं लिहून नेली होती. अवर सचिव म्हणाले, ‘मॅडम, वर न्यायला मला दोन पानं द्या.’ रात्री बसून दोन पानं केली : नोंदीतले सध्याचे शब्द, आम्हाला हवे असलेले शब्द, सरकारचा महसूल किती बुडेल, या बदलाला कोण विरोध करेल आणि का. शेवटच्या दोन गोष्टी गाळायचा मोह फार होतो. पण त्या साहेबांना दुसऱ्या बाजूकडून कळतातच, आणि मग तुमचा कागद पुन्हा कोणी वाचत नाही.

मला सलते ती गोष्ट वेगळी आहे. लॉबिंगची, म्हणजे सरकारचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून केलेल्या प्रयत्नांची, नोंद ठेवायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१२ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या लॉबिंग खर्चावरून आपली संसद दणाणली. भारतातल्या बाजारप्रवेशाचा विषयही त्या खर्चात होता. हे उघड झालं ते तिकडच्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत भरलेल्या अहवालांतून! आपल्या घरची गोष्ट शेजारच्या वहीतून कळावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मुलाखतीत तिला दोन गोष्टी विचारू द्या. कोणत्या अधिकाऱ्याला कधी, कशासाठी भेटलो, याची वही विभागात ठेवतात का? आणि बाहेरचे सल्लागार नेमलेत का, त्यांच्या बिलावर कामाचा तपशील असतो का? एका नोकरीत माझ्यापुढे सहीसाठी असं बिल आलं, त्यावर फक्त ‘संकीर्ण सेवा’ लिहिलेलं. मी सही केली नाही, आणि तीन महिन्यांत मला ती जागा सोडावी लागली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर कंपनीच्या वतीने कोणी लाच दिली की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खुद्द कंपनीही अडकू शकते.

दोन्ही उत्तरं सरळ मिळाली तर खुशाल पाठवा. ‘वही कशाला हवी?’ असं कोणी म्हणालं, तर तिने तिथूनच परतीचं तिकीट काढावं.