पातेरा बुरसतो, सडतो की कुजतो?

विचारणा अशी : आंब्याखालचा पातेरा, म्हणजे गळून पडलेल्या पानांचा थर, 'बुरसला' असे वडील म्हणतात, शेजारी 'सडला' म्हणतात, पुस्तकात 'कवकांमुळे विघटन' असते. योग्य शब्द कोणता?

बोलताना सरमिसळ होते, पण फरक जपावा असाच आहे.

बुरसणे म्हणजे वरून बुरशी चढणे. पावसाळ्यात चपलांवर, पापडावर चढते तशी. शब्दाला नासाडीचा रंग आहे, म्हणून तर 'बुरसटलेले विचार'. रानात मात्र ही नासाडी नव्हे. श्रावणात ऐनाच्या झाडाखालचा पातेरा उचलून बघा. वरची पाने अख्खी. त्याखालची एकमेकांना चिकटलेली, मध्ये पांढरे धागे. काही फिकट पडलेली, काहींची नुसती शिरांची जाळी उरलेली. पानाला नि लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन जिवाणूंना सहसा पेलत नाही, ते मुख्यतः बुरशीच मोडते. तळाशी काळी, भुसभुशीत माती लागते. पानातले नत्र-स्फुरद झाडाला परत मिळते ते इथे. याला कुजणे म्हणावे. 'कुजलेले शेणखत' आपण चांगल्या अर्थानेच म्हणतो.

सडणे वेगळे. ओला पातेरा खड्ड्यात दाबून भरला, त्यात पाणी तुंबले, की हवा कोंडते. बुरशी मागे पडते, हवेविना जगणारे जिवाणू माजतात आणि घाण येते. तेव्हा 'खत सडले' हेच अचूक. खड्डा उपसून ढीग उलथावा, सुका पातेरा मिसळावा. मूठभर घेऊन घट्ट दाबल्यावर हात ओलसर व्हावा, फार तर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर अजून सुके घालावे.

राहिला 'कवक'. हा शब्द जुना. मनुस्मृतीत (५.५) लसूण-कांद्याच्या पंगतीत वर्ज्य म्हणून 'कवकानि' येते, तिथे अर्थ अळंबी. आज शास्त्रात यीस्टपासून अळंब्यापर्यंत सगळा वर्ग त्यात येतो. लिहिताना वर्गाला कवक, पापडावरच्या थराला बुरशी आणि जमिनीवर छत्री उगवते तिला अळंबे म्हणावे. एक अळंबे, अनेक अळंबी. 'ती एक अळंबी' हे रूप आता रुळले असले तरी मला नपुंसकलिंगच बरे वाटते.

अळंबे हा कवकाचा फळासारखा भाग, खरा पसारा खालच्या धाग्यांचा. वारुळावरची अळंबी तर वाळवीने आत पोसलेल्या बुरशीची असतात. ती वरच्यावर खुडावीत. वारूळ खणले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे अळंबी मिळायची नाहीत.