काजळला निरोप देताना

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले आपल्या काजळ घोडीच्या एक्स-रेचे छायाचित्र काल रात्री पाहिले. उजव्या पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी तुकडे होऊन मोडली आहे, हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले आहे आणि तिला इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवावे, हे तालुक्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले तेच परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनीही सांगितले आहे. तू विचारतोस, आणखी चार दिवस वाट पाहावी का. पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते तसे का आहे हे तुला नीट कळावे, म्हणजे पुढे कोणी काही बोलले तरी तुझे मन डळमळणार नाही, यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

माणसाचा पाय मोडला तर प्लास्टर घालून महिनाभर पडून राहता येते, मग काजळलाच ते का साधू नये, असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. घोड्याच्या पायाची रचनाच वेगळी आहे. गुडघ्याखाली त्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, त्यावरून जाणाऱ्या, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या चिवट शिरा आणि कातडी एवढेच असते. त्यामुळे तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि जखम उघडी असली की ओढ्यातली माती, शेण आणि त्यांतले जंतू थेट हाडात शिरतात. त्यातून काजळचे वजन साडेतीनशे किलोच्या घरात, आणि घोड्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर असतो. तिला आडवे ठेवून उपचार करावेत म्हटले, तर एवढे मोठे जनावर फार वेळ एका कुशीवर पडून राहू शकत नाही. खालचे फुफ्फुस दबते, स्नायू सडू लागतात, आतड्यांची हालचाल मंदावते. तीन पायांवर उभे ठेवावे म्हटले, तर संकट धडधाकट पायाकडे सरकते. खुराच्या आत हाड आणि खुराची भिंत यांना धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात. दिवसरात्र एकाच पायावर भार राहिला की त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, पापुद्रे सुटतात आणि आतले हाड खाली खचत जाते, कधी कधी तळव्यातून बाहेरही येते. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. याच्या वेदना मोडलेल्या पायापेक्षा कमी नसतात.

अमेरिकेतल्या बार्बारो नावाच्या घोड्याची हकीकत तू एकदा अवश्य वाच. २००६ च्या मे महिन्यात त्याने तिथली सर्वांत मानाची केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. मालकांकडे पैशांची ददात नव्हती, शस्त्रक्रिया नामांकित पशुरुग्णालयात झाली, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून हाड सांधले, ते बऱ्यापैकी जुळूनही आले. मात्र डाव्या मागच्या खुरात लॅमिनायटिस झाला, पुढे तो पुढच्या पायांतही शिरला, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनेतून सोडवावे लागले. जगातले सर्वोत्तम उपचार आठ महिने करूनही जे साधले नाही, ते आपल्या गोठ्यात, पावसाळ्यात, काळ्या मातीच्या चिखलात साधेल, अशी आशा तुला लावणे हे तुझ्याशी आणि काजळशी दोघांशीही वैर करण्यासारखे होईल.

याचा अर्थ घोडा लंगडला की त्याचा शेवट आला, असा मुळीच नाही. शीर ताणली गेली, हाडाला बारीक चीर पडली, खुरात गळू झाले, तर दुखापतीप्रमाणे काही आठवडे ते काही महिने विश्रांती देऊन जनावर पुन्हा चालते. म्हणून पहिल्याच दिवशी घाई न करता तू दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतलेस, ते योग्यच केलेस. आता मात्र दोन्ही मते एक आहेत.

दुखणे कमी करणारे इंजेक्शन दिल्यावर काजळ कडब्याला तोंड लावते आणि तुझी चाहूल लागली की कान टवकारते, हे तू लिहिलेस. माझा जीव तिथेच सर्वांत जास्त कळवळला, कारण माणसाची आशा नेमकी अशाच क्षणी फसते. घोडा ही शिकार होणाऱ्या जातीची प्रजा आहे. कळपात दुबळे दिसणे म्हणजे मरण, हे त्याच्या रक्तात आहे, म्हणून तो दुखणे शक्य तितके लपवतो. इंजेक्शनाचा असर उतरत असताना रात्री तिच्याजवळ बस आणि पाहा. नाकपुड्या ताठ फुललेल्या, मानेवर आणि काखेत घाम, डोळ्यांवरची कातडी ओढलेली, जबडा आवळलेला आणि भार या पायावरून त्या पायावर टाकण्याची न संपणारी धडपड. तिची खरी अवस्था ती आहे. सकाळी दिसते ती औषधाने उसनी आणलेली तासा-दोन तासांची उसंत आहे.

आजीचे म्हणणे तू कळवलेस. घोडा हे खंडोबाचे वाहन, काजळ तर माळेगावच्या यात्रेतून, देवाच्या दारातून घरी आणलेली, तिला इंजेक्शन देऊन मारणे म्हणजे पाप. आजीशी वाद घालू नकोस. त्यांची श्रद्धा खरी आहे आणि तिच्यामागे काजळवरची मायाच आहे. त्यांना हात धरून रात्री गोठ्यात ने आणि तिच्या मानेवरचा घाम त्यांच्या तळव्याला लागू दे. ज्यांनी जन्मभर गुरे सांभाळली आहेत, त्यांना जनावराचा हाल वाचायला शिकवावा लागत नाही. हवे तर त्यांच्याच हाताने तिच्या कपाळाला भंडारा लावू दे. आपल्याकडचा १९६० चा प्राणिसंरक्षणाचा कायदासुद्धा हे मान्य करतो की काही जखमा अशा असतात, ज्यांत जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरते.

दुसरा सल्ला देणारेही येतील. "व्यापाऱ्याला देऊन टाक, चार पैसे तरी येतील," असे कोणी म्हणेल. "गायरानात सोडून दे, देव बघून घेईल," असेही म्हणेल. यांतले काहीही करू नकोस. मोडक्या पायाने टेम्पोत उभे राहून केलेला शंभर किलोमीटरचा प्रवास कसा असेल, याचा विचार कर. आणि उपाशीतापाशी मरायला जनावर मोकळे सोडणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे.

आता प्रत्यक्ष दिवसाविषयी. जागा आधी ठरव. विहिरीपासून, बोअरपासून आणि ओढ्यापासून लांब, उंचावरची मुरमाड जागा पाहा. काळ्या रानात या दिवसांत खड्डा खणला की त्यात पाणी साचते आणि जेसीबीही रुततो. खड्डा दोन पुरुष खोल असू दे, कारण दिलेले औषध शरीरात राहते आणि कुत्र्यांनी किंवा पक्ष्यांनी ते मांस खाल्ले तर तेही मरतात. काजळला चालवत तिथपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नकोस. ती जिथे उभी आहे तिथेच डॉक्टरांना काम करू दे, पुढचे यंत्राने होईल.

त्या सकाळी तिला उपाशी ठेवण्याचे कारण नाही. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी दे, गूळ दे, हलक्या हाताने खरारा कर. डॉक्टर आधी गुंगीचे औषध देतील, तिची मान खाली झुकेल, मग मानेतल्या मोठ्या शिरेतून दुसरे औषध जाईल. त्यानंतर ती काही सेकंदांतच कोसळेल, आणि हे कोसळणे मोठे आणि अचानक असते; म्हणून दोर डॉक्टरांच्या माणसाच्या हाती असू दे आणि तू तिच्या समोर किंवा बाजूला चिकटून उभा राहू नकोस. खाली पडल्यावर तिचे डोळे उघडेच राहतील, एखादा खोल श्वास येईल, अंगावर स्नायू थरथरतील. ती त्या वेळी शुद्धीत नसते. हे आधी माहीत नसले तर माणूस हादरतो आणि तेच दृश्य वर्षानुवर्षे उराशी घेऊन बसतो. डॉक्टर बुबुळाला बोट लावून आणि छातीवर नळी ठेवून खात्री करतील. तोपर्यंत तिच्याशी बोलत राहायचे असेल तर बोल. तुझा आवाज तिला ओळखीचा आहे. तुला तिथे थांबणे झेपणार नसेल, तर दोर सोपवून बाहेर ये. त्यात कमीपणा नाही. मोबाइलवर चित्रण मात्र कोणालाही करू देऊ नकोस.

दावणीला दुसरी घोडी आहे, तिला लगेच लांब नेऊ नकोस. तिला जवळ येऊन हुंगू दे. जोडीदार एकाएकी नाहीसा झाला तर घोडी दिवसेंदिवस खिंकाळत शोधत राहते; मेलेले शरीर हुंगले की ती बहुधा लवकर शांत होते. तरीही आठवडाभर तिची चंदी आणि लीद यांवर लक्ष ठेव.

काजळ अंगाने मुश्की आहे, त्यामुळे काळ्या घोडीची नाल मागायला, तिची अंगठी करायला लोक दारात येतील. नालबंदाला सांगून चारही नाला आदल्या दिवशी काढता येतील का, हे पाहू नकोस. त्या मोडक्या पायाला आता हात लावणे नको. बाकीच्या तीन नंतर काढून घरात ठेव, वाटायच्या की नाही ते तू ठरव. शेपटीचे थोडे केस कापून ठेवावेत, असे मला वाटते. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घे, विमा असेल तर इंजेक्शन देण्याआधीच कंपनीला कळव.

येत्या माळेगावच्या यात्रेत नवी घोडी घ्यावी, असे मामा म्हणतात, ते तू या वर्षी ऐकू नयेस. लग्नसराईच्या वरातींचे पैसे घेतले असतील तर ते परत कर, ओळखीच्या घोडेवाल्यांकडून सोय लावून देण्याची जबाबदारी मी घेतो. रडू आले तर रड. बारा वर्षे पहाटे उठून जिला पाणी दाखवले, तिच्यासाठी रडताना गावाची भीड बाळगू नकोस.

जेसीबीवाल्याला आजच सांगून ठेव आणि डॉक्टरांना परवा सकाळी दहाची वेळ दे. मी पहिल्या एसटीने निघून आठपर्यंत पोहोचतो.

तुझा,
काका