शाळा बंद होणार म्हणतात, दाखला काढू का?

प्रश्न : मुलगी घोडबंदर रोडजवळच्या पालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. वर्गात सातच मुलं उरली. शाळा बंद होणार, आत्ताच दाखला काढा, असं तोंडी सांगतात. काढू का? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, घाई करू नका. पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. एकेक दाखला निघाला की पट घसरतो, शिक्षक जातो आणि उरलेले पालकही हलतात. मी शिकवत असताना एक शाळा अशीच रिकामी होताना पाहिली. जूनमध्ये दोन मुलं गेली, दिवाळीनंतर पाच. बंदचा कागद आला तेव्हा बाकांवर कुणी उरलंच नव्हतं.

आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक मागा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. ती तुमचीच आहे. लेखी आदेश निघालाय का, मुलं कुठल्या शाळेत जाणार, ती किती लांब, हे अर्जात विचारा आणि पोच घ्या. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, असा राज्याचा नियम आहे. पण नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. शाळेच्या वेळेला मुलीचा हात धरून एकदा चालून बघा. कंटेनरच्या रांगेतून हायवे ओलांडावा लागत असेल, तर तेही अर्जात लिहा आणि वाहनाची सोय मागा.

रस्ता सुरक्षित असेल, तर मात्र समायोजनाला, म्हणजे मुलांना दुसऱ्या शाळेत सामावून घ्यायला, विरोध करू नका. सात मुलांत कबड्डीचा एकच संघ होतो, समोर खेळायला कुणी नाही. मुलीला सवंगडी हवेत.

प्रश्न : जुनी शाळा मध्येच बंद झाली. तिचा दाखला येईपर्यंत अनुदानित शाळा मुलाला सहावीत घेत नाही. (कोपरखैरणे)

उत्तर : दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याच कायद्याचं कलम ५ दाखवा. तरी ऐकलं नाही, तर पालिकेच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार द्या.

प्रश्न : जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला हवा आहे. ती शाळा केव्हाच बंद पडली. (कळवा)

उत्तर : शाळा बंद झाली तरी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, कायम जपायचं असतं. ज्या शाळेत मुलं वर्ग झाली तिथे आधी विचारा, मग शिक्षण विभागात. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद मोलाची, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची. म्हणून आजोबांचा हा कागद सोडू नका.

जाताना त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे प्रवेशवर्ष लिहून न्या. एका गृहस्थांसाठी मी असं रजिस्टर चाळलं होतं. पानं इतकी ठिसूळ की पट्टीनं उलटावी लागत. आडनाव सापडेना, कारण नोंद गावाच्या नावानं होती. वडिलांच्या नावावरून ओळ लागली. तेव्हा आडनावाच्या जुन्या रूपांनीही शोधा. नोंद दिसली की आधी रजिस्टर क्रमांक उतरवून घ्या, अर्ज मग लिहा.