‘ड’ जीवनसत्त्वावर संशोधन करायचं म्हणते लेक

ताई, सप्रेम नमस्कार.

सासऱ्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची पाकिटं दिली. हे जीवनसत्त्व जनुकं चालू-बंद करतं असं वाचल्यापासून एस.वाय.बी.एस्सी.तली तुमची लेक त्यावरच संशोधन करायचं म्हणते. ‘यात पोट भरेल का?’ हा तुमचा प्रश्न.

तिने वाचलंय ते खरं आहे. यकृतात आणि मग मूत्रपिंडात या जीवनसत्त्वाचं कॅल्सिट्रायॉल, म्हणजे त्याचं कामाचं रूप, होतं. ते पेशीतल्या व्हीडीआर या प्रथिनाला चिकटतं आणि व्हीडीआर डीएनएवर बसून जनुकांचं काम वाढवतं किंवा थांबवतं. २००१ साली माद्रिदच्या एका गटाने आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर कॅल्सिट्रायॉल घातलं, तेव्हा विखुरलेल्या पेशी एकमेकींना धरून पुंजक्याने बसल्या. त्यांना सांधून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनचं जनुक जागं झालं होतं. २००४ मध्ये कळलं, की स्नेल नावाचं प्रथिन व्हीडीआरचं जनुकच दाबून टाकतं. म्हणजे जीवनसत्त्व दारात उभं, पण दार उघडायला आत कुणी नाही! मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो.

पण प्रयोगशाळेतल्या बशीत घडतं ते माणसात घडेलच असं नाही. अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीत ‘ड’ जीवनसत्त्वाची रोज २,००० युनिट घेऊनही कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. निकाल २०१९ मध्ये छापून आला. तो लेकीला वाचायला द्या. वाचूनही तिला ‘असं का?’ हा प्रश्न पडला, तर ती या कामाची आहे. (सासऱ्यांना पाकिटं डॉक्टर सांगतील तेवढीच. अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.)

पोटाचं म्हणाल, तर वाट लांब आहे. एम.एस्सी.साठी आयआयटी-जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, मग संशोधनाची शिष्यवृत्ती (जेआरएफ) देणारी नेट परीक्षा, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे त्या काळात घरावर भार नाही. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आणि पुण्याचं एनसीसीएस या संशोधन संस्थांत कॅन्सरवर काम चालतं. पुढची कायम नोकरी मात्र सहज मिळत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

म्हणून तिने या वर्षी आर ही संगणकभाषा शिकावी. जिओ (GEO) या इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात जनुकांची माहिती फुकट मिळते. आतड्याच्या गाठीत आणि शेजारच्या निरोगी भागात व्हीडीआर किती आहे, हे तिने स्वतः ताडून बघावं. एवढं येत असेल तर पुढे औषध कंपन्यांत आणि निदान प्रयोगशाळांतही काम मिळू शकतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काढायला मिळाले, तर पाठवाच. तिथून आली की मला पुन्हा लिहा.