‘मिस करतो’ नको, ‘करमत नाही’ म्हणा

कोथरूडच्या एका वाचकानं विचारलं आहे : ‘शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये खेळलेले डिगर, डेव्ह, पॅराट्रूपर हे डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरचे गेम मी फार मिस करतो. या भावनेला मराठी शब्द कोणता? गतकातरता चालेल का? आणि ज्यांचे मालक आता लक्षच देत नाहीत अशा गेमना ॲबंडनवेअर म्हणतात, त्याला काय म्हणावं?’

आधी ‘मिस करतो’चा निकाल लावू. कॉलेजच्या कट्ट्यापासून चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सपर्यंत हल्ली सगळे सगळ्यांना मिस करत असतात. मराठीत भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवण येते. आपण यांतलं काही ‘करत’ नाही, ते आपल्याकडे येतं आणि आपण निमूटपणे ‘ला’ प्रत्यय लावून बसतो : मला आठवण येते. ‘मी मिस करतो’ म्हटलं की तेच लाइटबिल भरण्यासारखं एक काम होऊन जातं. शिवाय या खेळांच्या बाबतीत तर घोटाळाच आहे. ‘डेव्ह मिस केला’ म्हणालात तर मला वाटणार, उडी चुकली आणि डेव्ह आगीत पडला.

गतकातरता, म्हणजे नॉस्टॅल्जिया? नको. संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. रात्री अकरा वाजता, बायको झोपल्यावर, डिगरची फाइल शोधत बसलेला माणूस भ्यालेला नसतो; हावरा असतो. स्मरणरंजन हा शब्द चांगला आहे, पण त्याचं समाधान आठवणीवरच होतं. तुम्हाला आठवण पुरत नाही, खेळ हवा आहे. नॉस्टॅल्जियाची जन्मकथा, हा शब्द घडवणारा बासलचा तो योहानेस होफर, १६८८ सालचा प्रबंध आणि घरासाठी झुरणारे स्विस, सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. ‘सय’ सुंदर आहे, पण कवितेनं तिला इतकं नाजूक करून ठेवलंय की कळफलक बडवताना ती तोंडी येत नाही.

तुमचा शब्द करमणे. ‘डिगरशिवाय करमत नाही.’ पेठेतल्या खोलीवर राहायला आलेल्या लातूरच्या मुलाला आई फोनवर काय विचारते? ‘करमतंय का रे?’ इंग्रजीत ‘आर यू मिसिंग होम’ म्हणताना जे मुरडून विचारावं लागतं, ते मराठी आईनं एका क्रियापदात, तेही पोराच्या बाजूनं, विचारून टाकलेलं असतं. आता गंमत बघा. याच करमण्यापासून ‘करमणूक’ झाली. म्हणजे खेळ आणि त्या खेळावाचून जीव न लागणं, दोन्ही एकाच धातूच्या पोटात. अशी जोडी मला दुसऱ्या कुठल्या भाषेत दाखवा.

हा धातू आला कुठून, यावर मात्र लोक वाट्टेल ते सांगतात. एक पंथ ‘कर’ अधिक ‘मन’ असा समास सोडवतो. म्हणजे हात आणि मन गुंतवणारी ती करमणूक! ही व्युत्पत्ती नव्हे, हे व्हॉट्सॲप. दुसरा पंथ जरा शिकलेला आहे. तो ‘रमणे’कडे बोट दाखवतो. अर्थ जुळतो खरा. पण मग पुढचा ‘क’ कुठून टपकला? मराठीत शब्दाच्या डोक्यावर फुकटचा क बसवायची रीत नाही. रमणे, रमवणे, रममाण होणे ही सगळी मंडळी क-वाचून सुखात आहेत. अर्थ जुळला की नातं जोडून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडच्या शब्दवेड्यांची जुनी खोड.

माझ्या मते करमणे म्हणजे क्रमणे. संस्कृत क्रम्, पाऊल टाकणे. बोलीत त्रासचा तरास होतो, प्रमाणचं परमाण होतं, तसा क्रमणेचा करमणे. आणि पुरावा वापरात आहे. जुन्या मराठीत ‘काळ क्रमणे’, ‘कालक्रमणा करणे’ सर्रास सापडतं. ‘वेळ करमत नाही’ या वाक्यात कर्ता कोण? वेळ. वेळ पाऊल टाकत नाही, पुढे सरकत नाही, म्हणून आपल्याला करमत नाही. करमणूक म्हणजे वेळेला चालतं करणारी गोष्ट. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘करमणूक’. तेव्हापासून या शब्दाला लोक हलकंफुलकं समजू लागले की काय कोण जाणे, पण त्याच्या पोटात केवढा भारदस्त धातू आहे पाहा. ऋग्वेदात विष्णू पावलं टाकतो तिथे क्रियापद ‘वि चक्रमे’ हेच आहे. त्यावरून विक्रम, त्रिविक्रम. म्हणजे तुम्ही डिगरमध्ये केलेला विक्रम, तो करताना झालेली करमणूक, आणि लक्ष्मी रस्त्याच्या फुटपाथवरचं अतिक्रमण, तिघं सख्खी भावंडं.

आणि हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत. तुमचे जुने गेम आज लावून बघा, क्रमण्याचा अर्थ नुसत्या डोळ्यांनी दिसेल. डिगर हा कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरचा, १९८३ सालचा. आयबीएम पीसीचा प्रोसेसर तेव्हा ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्या काळचे कितीतरी गेम आपला वेळ प्रोसेसरच्याच पावलांनी मोजायचे. घड्याळाकडे बघायचेच नाहीत. प्रोसेसर वेगवान झाले तशी खेळातली वेळ पळत सुटली. तुम्ही बाणाच्या कळीवर बोट ठेवेपर्यंत शत्रूनं तुम्हाला गाठलेलं. म्हणूनच ३८६, ४८६ या प्रोसेसरच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं. नाव टर्बो, पण खरा उपयोग मशीन हळू करण्याचा! पुण्यातल्या किती लॅबमध्ये पोरं ते बटण उगाच दाबून सरांच्या शिव्या खात असतील.

आता त्या बटणाचं काम डॉसबॉक्स करतो. हा २००२ पासून फुकट मिळणारा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपच्या पोटात एक जुना पीसी उभा करतो. त्यात ‘सायकल्स’ नावाचा आकडा असतो : एका मिलिसेकंदात साधारण किती सूचना पाळायच्या, तो. कंट्रोल धरून एफ११ दाबलं की आकडा उतरतो, एफ१२ नं चढतो. मूळचा आकडा ३००० असतो, प्रोसेसरच्या पावलांनी चालणाऱ्या त्या जुन्या गेमना तो फार होतो. अडीचशे-तीनशेच्या आसपास आणा, म्हणजे मूळ पीसीची चाल येते. सायकल्सला मराठी शब्द विचाराल तर मी डोळे मिटून ‘क्रम’ म्हणेन. क्रम नीट लागला की खेळ करमतो. तो फार चढला तर खेळ हातात येत नाही, फार उतरला तर जांभया येतात. ‘रमणे’वाल्यांनी हे एकदा करून बघावं आणि मग माझ्याशी बोलावं.

प्रिन्स ऑफ पर्शियाचं उदाहरण याहून बोलकं. जॉर्डन मेकनरचा हा गेम १९८९ साली ॲपल टू या संगणकावर आला, पुढच्या वर्षी डॉसवर. सबंध खेळाला साठ मिनिटं, त्यात राजकन्या सोडवायची. आणि राजपुत्राला दरीच्या काठावर जपून एकेक पाऊल टाकायचं असेल तर शिफ्ट दाबून धरायची. पावलापावलानं वेळ सरते आणि तीच करमणूक! पाणिनीनं बसून गेम काढला असता तरी यापेक्षा वेगळा काढला नसता. (मराठीत ‘हाय स्कोअर’ला उच्चांक म्हणतात, तेही ठीक आहे, पण उच्चांक थर्मामीटरलाही होतो. विक्रमाला पाय लागतात.)

फ्लॉपीवरूनच चालवायचा हट्ट असेल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह विचारून बघा, पण तो साडेतीन इंचीवाला असतो. सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात जाणार नाही, आणि गेली तरी इतक्या पावसाळ्यांनंतर तिच्यावर बुरशीखेरीज काही असेल याची आशा कमीच. त्यापेक्षा इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळानं २०१५ च्या जानेवारीत दोन हजारांवर डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळायला ठेवले, तिथे आधी शोधा.

राहिलं ॲबंडनवेअर. काहीजण ‘बेवारस’ म्हणतात. चूक. बेवारस म्हणजे वारस नसलेला, आणि या खेळांना वारस असतो. तो फक्त फिरकत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणक-प्रोग्रॅम हे साहित्यच धरलं जातं, आणि साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. तेव्हा १९८३ चा खेळ अजून भरपूर वर्षं कुणाचा तरी आहेच. दुकानाला कुलूप, मालकाचा पत्ता नाही, पण सातबारा त्याच्याच नावावर, अशी ही अवस्था. अशा माणसाला मराठीत परागंदा म्हणतात. फारसीत परागंदा म्हणजे विखुरलेला, पांगलेला. आपल्याकडे येऊन तो ‘घरदार सोडून पळालेला’ झाला. माझा कौल ‘परागंदा खेळ’ला. परागंदा खरं तर मालक झालाय, खेळ जागेवरच आहे, हे मलाही दिसतंय. पण ‘परागंदा मालकाचा खेळ’ एवढं लांबलचक कोण म्हणणार?

आणि जाता जाता, ‘गेम्स’ लिहिलं नाहीत याबद्दल आभार. पुल्लिंगी मानलात तर दोन गेम, स्त्रीलिंगी मानलात तर दोन गेमा. दोन्ही मराठी आहेत.