‘पर्याय’ म्हणजे पाळी!

प्रश्न : आमच्या अभ्यासमंडळाच्या पुस्तिकेसाठी दोन शीर्षकं सुचली आहेत, ‘भांडवलशाहीचा पर्याय : समाजवाद’ आणि ‘भांडवलशाहीला पर्याय : समाजवाद’. बरोबर कोणतं? एक सहकारी म्हणतात की ‘पर्याय’ फक्त समानार्थी शब्दासाठी वापरायचा, इथे ‘विकल्प’ हवा. शिवाय ‘समाजवाद हाच एकमेव पर्याय’ हे वाक्य व्याकरणात बसतं का?

उत्तर : ‘ला’ लिहा. आता कामाचं बोलू.

आधी तुमच्या सहकाऱ्यांचा समाचार घेतो, कारण हा ‘विकल्प’ हल्ली फार ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. मराठीत विकल्प मनात येतो. ‘त्याच्या मनात विकल्प आला’ म्हणजे शंका आली, किंतु आला. व्यासपीठावरून कोणी ‘आम्ही भांडवलशाहीचा विकल्प उभा करू’ म्हणालं की मला वाटतं, हे लोक भांडवलशाहीविषयी आपल्या मनात संशय पेरणार आहेत. (तेवढं जमलं तरी पुष्कळ, पण वक्त्याला ते म्हणायचं नसतं.) हिंदीत ‘विकल्प’ या अर्थाने चालतो, खुशाल चालो. मराठीत व्याकरणाच्या वर्गाबाहेर त्याला तो अर्थ कधी फारसा चिकटला नाही. आणि ‘पर्यायी विकल्प’ लिहिणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

‘पर्याय’ म्हणजे समानार्थी शब्द, एवढंच सहकाऱ्यांना आठवतं, कारण शाळेत तेवढंच शिकवलं जातं. ‘डावे’ हे नाव फ्रेंच सभागृहातल्या बसण्याच्या जागांवरून पडलं, समाजवाद आणि साम्यवाद यांत फरक काय, ‘भांडवला’तलं ‘भांड’ म्हणजे व्यापाऱ्याचा माल, हे सगळं कुठेही मिळेल, म्हणून सोडून देतो. कुठे मिळत नाही ती ‘पर्याया’ची गोष्ट, आणि ती सांगायला मला निमित्तच हवं होतं.

परि म्हणजे भोवती, इ म्हणजे जाणे. पर्याय म्हणजे फिरत फिरत येणं. आपल्याकडे फिरत येते ती काय? पाळी! पाणिनीने यासाठी एक आख्खं सूत्र खर्च केलं आहे, ‘परावनुपात्यय इणः’ (३.३.३८). ‘परि’ आधी जोडला असताना ‘इ’ धातूपासून ‘पर्याय’ हे रूप होतं, पण एका अटीवर : अनुपात्यय, म्हणजे क्रम ओलांडलेला नसावा. पाणिनीवरच्या ‘काशिका’ या जुन्या टीकेचे कर्ते उदाहरण देतात, ‘तव पर्यायः, मम पर्यायः’. तुझी पाळी, माझी पाळी. आणि क्रम ओलांडला तर? तर शब्द ‘पर्याय’ होतच नाही, ‘पर्यय’ होतो. अमरकोशातही हीच फाळणी आहे : पर्याय बसतो आनुपूर्वी, परिपाटी, अनुक्रम यांच्या पंगतीला, आणि पर्यय बसतो अतिपात, उपात्यय या क्रम ओलांडणाऱ्यांच्या. समानार्थी शब्दांना पर्याय म्हणतात तेही याच वाटेने, एकाच अर्थाच्या जागेवर ते पाळीपाळीने येतात म्हणून.

आता तुमचं शीर्षक पुन्हा वाचा. ‘भांडवलशाहीला पर्याय’ म्हणजे मुळात भांडवलशाहीनंतर पाळी कोणाची? दीडशे वर्षं डाव्या चळवळीने नेमकं हेच गृहीत धरलं होतं. आधी सरंजामशाही, मग भांडवलशाही, मग समाजवाद, रांगेत ज्याचा त्याचा नंबर ठरलेला. इंग्रजीतला जो ‘ऑल्टर्नेटिव्ह’ आपण ‘पर्याय’ने उतरवतो, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘आल्टर’ आहे, दोहोंतला दुसरा. त्या मुळात तरी रांग नाही. आपल्या शब्दात मात्र रांग आहे.

इथे एका भाषासल्लागारांनी मला एकदा सुनावलं होतं की मुळातला अर्थ काढून आजच्या वापरावर लादणं हा ‘व्युत्पत्तीचा भ्रम’ आहे. मान्य, लादू नये. पण मुळातला अर्थ माहीतच नसणं याला ‘भाषाशास्त्र’ म्हणू लागलो तर सगळेच भाषाशास्त्रज्ञ. आणि इथे तर इतिहासच पाणिनीच्या सूत्राबरहुकूम चालला आहे, त्याला मी काय करू?

पाहा ना. रशियात १९१७ साली मेन्शेविक, म्हणजे समाजवाद्यांतला मवाळ गट, सांगत होते की आधी भांडवलदारांची क्रांती पुरी होऊ द्या, मग आपली पाळी. हे शुद्ध पाणिनीय. लेनिनने क्रम ओलांडला. त्याच डिसेंबरात इटलीतल्या ग्राम्शी या मार्क्सवाद्याने लिहिलं की ही मार्क्सच्या ‘कॅपिटल’विरुद्ध झालेली क्रांती आहे, रशियात ते पुस्तक कामगारांपेक्षा भांडवलदारांचंच झालं होतं, कारण आधी भांडवलशाही आलीच पाहिजे असं त्यातून दाखवता येत होतं. ग्राम्शीला संस्कृत येत असतं तर एका शब्दात काम झालं असतं : पर्याय नव्हे, पर्यय! गंमत म्हणजे खुद्द मार्क्स रांगेविषयी इतका ठाम नव्हता. व्हेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईने १८८१ साली त्याला विचारलं, रशियातल्या गावकीच्या सामाईक जमिनीला भांडवलशाहीच्या चरकातून जावंच लागेल का? त्याने एकामागून एक कच्चे मसुदे केले आणि शेवटी लहानसं उत्तर धाडलं की ती ऐतिहासिक अपरिहार्यता आपण पश्चिम युरोपापुरतीच सांगितली आहे. शिष्यांनी मात्र रांग जगभर लावली.

आणि ‘परि’ म्हणजे भोवती, हे विसरू नका. सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरात संपला तेव्हा पूर्व युरोपात एक विनोद फिरत होता : समाजवाद म्हणजे भांडवलशाहीकडून भांडवलशाहीकडे जाणारा सर्वांत लांबचा रस्ता. परि + इ. यापेक्षा नेमकी व्युत्पत्ती मी कुठल्या कोशात वाचलेली नाही.

आता ‘चा’ का नको, ते सांगतो, कारण तिथे आणखी एक चीज लपली आहे. जैन तत्त्वज्ञानात ‘पर्याय’ हा पारिभाषिक शब्द आहे. ‘गुणपर्यायवद् द्रव्यम्’. द्रव्य टिकून राहतं, त्याच्या बदलत्या अवस्था म्हणजे पर्याय. जैन आचार्य समंतभद्रांचा दाखला प्रसिद्ध आहे : सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तेव्हा घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हरखला, आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला ना सुख ना दुःख. तेव्हा ‘भांडवलशाहीचा पर्याय’ या जैन अर्थाने घेतला तर तो भांडवलशाहीचाच नवा अवतार ठरतो, द्रव्य तेच. (मराठीत ‘द्रव्य’ म्हणजे पैसाही, यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.) दुसऱ्या महायुद्धानंतरचं कल्याणकारी राज्य, मग ऐंशीच्या दशकातलं खासगीकरण : घट मोडला, मुकुट झाला, आणि सोनंवाले शांत बसून होते. ब्रिटनमधला डावा विचारवंत टोनी क्लिफ तर १९४८ पासून सांगत होता की स्टालिनचा रशिया म्हणजे सरकारी भांडवलशाही आहे. भाषांतर : तोही ‘चा’ पर्याय, ‘ला’ पर्याय नव्हे.

शाळेतला समानार्थी ‘पर्याय’ही ‘चा’च घेतो. ‘जल हा पाण्याचा पर्याय’. लोकशाही मार्गाने सत्तेवर गेलेल्या डाव्यांचं दुखणं याच व्याकरणात आहे. फ्रान्सचे समाजवादी नेते मितराँ १९८१ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, बँका आणि मोठे उद्योग सरकारी मालकीचे केले, आणि फ्रँक हे चलन घसरू लागलं तसं १९८३ मध्ये काटकसरीकडे वळले. ब्रिटिश मजूर पक्षाने उत्पादनसाधनांच्या सामाईक मालकीचं १९१८ पासूनचं कलम १९९५ साली काढून टाकलं. ग्रीसचा पासोक पक्ष २००९ साली ४४ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आला, खर्चकपात त्याने स्वतःच्या हाताने राबवली, आणि २०१५ च्या जानेवारीत पाच टक्क्यांच्याही खाली गेला. जल आणि पाणी यांतलं काय निवडू, असा प्रश्न मतदाराला पडला तर त्याचं काय चुकलं? वर यांची भाषणं ऐकावीत. ‘समाजवाद’ हा शब्द तोंडातून निघत नाही, सगळं ‘सर्वसमावेशक’, ‘न्याय्य’, ‘शाश्वत’. साहित्यशास्त्रात याला पर्यायोक्त म्हणतात, म्हणायचं ते सरळ न म्हणता वळसा घालून म्हणणं. तोही अलंकारच आहे, पण अलंकार घालून मतं मिळत नाहीत.

ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या ‘देअर इज नो ऑल्टर्नेटिव्ह’ या प्रसिद्ध घोषवाक्याचं मराठीही सगळे चुकवतात. ‘पर्याय नाही’ असं ते छापतात. खरं मराठी ‘गत्यंतर नाही’. गति-अंतर, दुसरी वाट. बाई वाटेविषयी बोलत होत्या, पाळीविषयी नाही. आणि डाव्यांनी उत्तर मात्र पाळीच्या भाषेत दिलं : आज ना उद्या आमचा नंबर येईलच!

वाट शोधणारे लोक होते, ते आपल्या शब्दात बसत नाहीत एवढंच. स्पेनच्या बास्क प्रांतात १९५६ पासून चाललेलं मोंद्रागोन, म्हणजे सहकारी उद्योगांचा समूह, पाहा. कामगारच मालक, एका कामगाराला एक मत, वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर बांधलेलं. ते भांडवलशाहीनंतर आलं नाही, तिच्या बाजारातच उभं राहिलं, आणि बाजाराचे फटकेही त्याने खाल्ले. त्यांचा घरगुती उपकरणांचा कारखाना फागोर २०१३ साली बुडाला. स्वीडनमध्ये कामगार संघटनेचे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांनी १९७६ साली सुचवलं की मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याचा पाचवा हिस्सा शेअरच्या रूपाने कामगारांच्या निधीत टाकावा. हळूहळू मालकी आपोआप सरकेल. उद्योजक रस्त्यावर उतरले, १९८३ साली पातळ केलेला कायदा झाला, आणि नव्वदीच्या सुरुवातीला तोही गेला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एरिक ऑलिन राइट यांनी यासाठी तळ्याची उपमा वापरली. तळं एका रात्रीत उपसता येत नाही. त्यात वेगळी जात सोडायची, ती रुजली तर हळूहळू तळ्याचं रूप पालटतं. हे शेजारी शेजारी राहणं झालं. पाळीत दोघं एका वेळी बसत नाहीत. एकाने उठावं लागतं. म्हणून मला अशा प्रयोगांना ‘पर्याय’ म्हणायला जड जातं, आणि ‘समांतर’ म्हणावं तर त्या रेषा कधी मिळतच नाहीत. चांगला शब्द सुचला तर कळवा.

‘पर्यायाने’ या शब्दाचं जे चाललंय त्यावरही लिहायचं होतं. ‘मंदी आली, पर्यायाने नोकऱ्या गेल्या.’ अहो, पर्यायाने म्हणजे पाळीपाळीने! इथे हवं ‘परिणामी’. आता हा वापर रुळला म्हणतात. मंदीही रुळलीच आहे.

राहता राहिला ‘एकमेव पर्याय’. व्याकरणाची हरकत नाही, एकाच उमेदवाराची रांग असू शकते. हरकत जर्मनीतल्या क्रांतिकारक रोझा लुक्सेम्बुर्गची आहे. पहिल्या महायुद्धात तुरुंगात बसून तिने लिहिलं की समोर दोन गोष्टी आहेत, समाजवाद किंवा रानटीपणा. म्हणजे रांगेत दोघं उभे आहेत आणि दुसरा धक्काबुक्कीला कमी नाही. तेव्हा पुस्तिकेवरून ‘एकमेव’ खोडा, ‘ला’ ठेवा. आणि सहकाऱ्यांना विचारा, ती छापण्याबद्दल त्यांच्या मनात काही विकल्प आहे का.